अक्काच्या तासातला हूं

पैनगंगेच्या पुलावर आमची एसटी आली तेव्हा पावणेदहा वाजले होते आणि नदी दिसत नव्हती. पुलाचे कठडे दिसत होते, त्यांवर अंग फुगवून बसलेले कावळे दिसत होते, आणि खाली सगळं पांढरं. मी काच सरकवून वाकून पाहू लागले तशी शेजारची बाई हसली. पांढरकवड्याला चढली होती, मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन.

"काय पाहून राह्यल्या, बाई?"

"नदी."

"हाय ना खाली. कुठं जाते थे?"

मला हे उत्तर आवडलं नाही. तीस वर्षं मी नागपुरात एका सरकारी कचेरीत काढली, शेवटची काही वर्षं हेडक्लार्क म्हणून. जे दिसत नाही ते आहे म्हणून कुणी सांगितलं की मी पुरावा मागते. टेबलाशी येऊन कुणी बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्याला माझा प्रश्न ठरलेला, "सारांश काय?" हाताखालच्या मुली माघारी मला सारांशबाई म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगू, मला त्याचा अभिमानच वाटायचा.

मी निघाले होते माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुमनअक्काच्या गावाला. अक्का तिथं नव्हती. तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

आम्ही दोघी मूळच्या आदिलाबादच्या. वडील तिथं मराठी शाळेत मास्तर. मी शिकून नागपूरला नोकरीला लागले आणि अक्काला बेला गावाच्या बाजूला, नदीकाठच्या एका गावात कापूसवाल्यांच्या घरी दिलं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. अगदी रोज. आणि सांगायचं काय, तर कोंबडी खुडूक बसलीय, सोबत कापूस वेचणाऱ्या गिरजाबाईची नवी चप्पल विहिरीत पडली, दवाखान्यातल्या नर्सनं आपल्याला खुर्ची दिली. मी फोन ओट्यावर ठेवून कणीक मळायची आणि मधूनमधून म्हणायची, "बरं, मग?" त्या 'मग?'चा अर्थ होता, आटप आता. अक्काला तो कळत होता. तरी दुसऱ्या दिवशी फोन वाजायचाच.

शेवटचा फोन मात्र सकाळी आला. मी पर्स शोधत होते.

"नले, काल सकाळी सात-साडेसातला तू कुठं होतीस गं?"

"कुठं असणार? घरात. अक्का, माझी बस जाईल. मुद्द्याचं बोल."

"बरं बाई. सवडीनं सांगते. गंमतच झाली."

पुढचे तीन दिवस ऑफिसात ऑडिट होतं. तिचे फोन आले, मी उचलले नाहीत. चौथ्या दिवशी भाच्याचा आला. अक्का झोपेतच गेली होती.

ती गंमत काय होती, आणि मी त्या सकाळी कुठं होते हे तिला कशाला हवं होतं, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं. तेराव्याला गेले तेव्हा तिच्या सुनेला, रेखाला, विचारलं. ती म्हणाली, "मावशी, थे वेचणीतली गोष्ट दिसते. रानातली गोष्ट बाया रानातच सांगतात, घरी नाई आणत. गिरजाबाईले माहीत असन, पण वेचता वेचताच सांगन थे." तेव्हा कापूस सरला होता. मे महिन्यात मी निवृत्त झाले आणि पुढच्या वेचणीची वाट पाहत बसले. संध्याकाळी फोनच्या वेळेला मला कणीक मळवेना. फोनकडे बघत बसायची आणि स्वतःलाच म्हणायची, काढ आता याचा सारांश.

आदिलाबादच्या बसस्थानकात पाय ठेवला आणि नाकाला ओळख पटली. सरकीचा, डिझेलचा आणि मिरचीभज्यांचा वास. घोषणा तेलुगूत, भांडण उर्दूत आणि चौकशी मराठीत, हे माझ्या लहानपणापासून असंच आहे. एका गाड्यावर इडली आणि पल्लीची (शेंगदाण्याची) चटणी खाल्ली. चटणीनं डोळ्यांत पाणी आणलं, त्याला चटणीच कारण होती असं मी गाडीवाल्याला सांगितलं.

बेल्याच्या बसमध्ये वाहकानं हात पुढे केला. "अम्मा, आधार?" तेलंगणच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण कार्ड इथलं लागतं. माझं नागपूरचं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिकीट फाडलं. मी तेलुगूत म्हटलं की मी याच गावात जन्मले. तो हसून म्हणाला, "कार्डावर तसं लिहिलेलं नाही." माझीच भाषा मला ऐकवत होता मेला.

पुढे अक्काच्या गावापर्यंत ऑटो. (गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बायकांनी तशी अट घातली आहे.) ऑटोवाले पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. दोन्हीकडे कापूस आणि तूर, मध्येच एक लोखंडी पाटी, तिच्यावर तेलुगूत मोठ्या अक्षरांत 'पुलि' (वाघ). बाकीची पाटी गंजली होती, तेवढा शब्द कुणीतरी नव्यानं रंगवला होता.

"पढना आता, अम्मा?" चाचांनी विचारलं.

"आता है. वाघ है म्हणतात."

"रहता नै. आता-जाता. टिपेश्वर के जंगल से निकल के नद्दी पार करता." मग थोडं थांबून म्हणाले, "औरताँ कपास चुनते वखत बाताँ करते रहतेइच. सुबू सुबू उधर से गुजरो तो आवाज आती, औरताँ नै दिखते. आवाज बंद हुई तो हम लोगाँ बी ऑटो रोक देते."

"का?"

"आवाज काय को बंद हुई, मालूम नै ना."

अक्काचं घर मला आधी होतं त्यापेक्षा लहान वाटलं. भाचा आदिलाबादला शाळेत शिकवतो, तो आठवडाभर तिकडेच. रेखा एकटी होती. तिनं ज्वारीची भाकरी, हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि भरीत असं रांधलं. आदिलाबादची थंडी काय असते ते मी विसरून गेले होते. दिवस मावळायच्या आत दात वाजायला लागले, तेव्हा रेखानं खुंटीवरचा तपकिरी स्वेटर काढून माझ्या अंगावर टाकला. अक्काचा. कोपराशी तिनं स्वतः निळ्या लोकरीनं रफू केलेलं होतं. मी तो काढला नाही, तोच घालून जेवले.

"सकाळी जाऊ आपण," रेखा म्हणाली. "पण एकल्या नका निंगू, मावशी. मी दूध काढतो अन् संगं येतो."

"सकाळी कशाला? दव नसतं का?"

"दवातच बरं. वाळली पानं नरम राह्यतात, कापसाले कचरा नाई लागत." भाकरी उलटत ती पुढे सांगत होती. "एक बाई सांगते, एक बाई हूं देते. आपल्या संगं झालेलंच सांगायचं, राजाराणी नाई चालत. अन् हूं नाई आला तं सांगणारीनं पुढं नाई जायचं. हूं द्यायचं काम आमच्या सासूबाईचं. किती वर्षांपासून."

म्हणजे अक्का तिथं बोलत नव्हतीच. सकाळभर दुसऱ्यांचं ऐकायची आणि संध्याकाळी मला फोन करायची.

"आणि आता कोण देतं?"

"कोनी नाई," रेखा म्हणाली आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

मला वाटलं, गोष्टी बंद पडल्या असतील.

सकाळी साडेसहाला जाग आली. गोठ्यात दुधाची धार वाजत होती. मी पाचच मिनिटं थांबले, हो, पाचच. माझा स्वभाव मला नडतो तो असा. रस्ता माहीत होता, नाल्याच्या धुऱ्यानं (बांधानं) सरळ जायचं आणि पळसापाशी उजवीकडे. एवढ्याला सोबत कशाला? निघाले.

दारातून बाहेर पडले आणि मागे वळून पाहिलं तर घर नव्हतं. धुकं नदीवरून आलं होतं आणि बसलं होतं. पायाखालची दोन पावलं वाट तेवढी दिसे. नाल्याशी चिखलात उजवा पाय रुतला, ओढला तर चप्पल आतच राहिली. वाकून हात घालून शोधली, हाताला नुसता गार चिखल लागला. देवा रे, म्हटलं, या वयात हे काय. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, अशी मी पुढे चालू लागले. चिखल इतका गार होता की पाऊल टाकल्यावर ते आपलं आहे की नाही कळत नव्हतं.

मग लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाही. पाखरू नाही, कुत्रं नाही. पानांवरून दव टपकत होतं तेवढंच. पाटीवरचा तो शब्द आठवला. त्या वेळी मला जी भीती वाटली तिला मी इतकी वर्षं हसत आले होते. मोठ्यानं रामरक्षा म्हणावी असं मनात आलं, आणि तोंड उघडेना.

तेवढ्यात आवाज आला. बाईचा, जाडसर, शांत.

"मंग मी बेल्लमपल्लीले निंगाली."

आणि थांबला. एक श्वास आत जाऊन बाहेर येईल एवढा वेळ.

"पोरीचे दिवस भरले होते."

पुन्हा तेवढंच थांबणं.

"जवाई खाणीत. क्वार्टरमंदी पोरगी एकलीच."

पुन्हा.

मी जागीच उभी राहिले. कुणी फोनवर बोलत असलं की आपल्याला एकीकडचंच ऐकू येतं ना, तसं ते होतं. मधल्या जागेत कुणीतरी काहीतरी म्हणत होतं आणि ते मला सोडून सगळ्यांना ऐकू जात होतं. काटा आला अंगावर. पण माणसाचा आवाज होता, आणि मला माणसं हवी होती. मी धुऱ्यावरून खाली उतरले आणि समोर आला त्या तासात (पिकाच्या ओळीत) शिरले.

दोन्ही बाजूंची झाडं वेचून झालेली, काळपट. माझ्या तासात मात्र बोंडंच्या बोंडं उमलून कापूस लोंबत होता, काही गळून मातीत पडला होता. सगळ्या शेतात एवढीच एक पांढरी ओळ, धुक्यात पुढे जाऊन दिसेनाशी होणारी. काय आळशी बाया आहेत, एवढा कापूस वाया घालवतात, असं मला वाटलं. माझ्यातली हेडक्लार्क मेली तरी जात नाही.

"आसिफाबादले गाडी बदलवाची होती. पाट्या तेलुगूत. मले का वाचता येते?"

थांबणं.

"ज्याले त्याले म्हणो, बेल्लमपल्ली, बेल्लमपल्ली. जो थो म्हणे, कूर्चो, कूर्चो (बस, बस)."

थांबणं. बांगड्या हलल्या. अगदी जवळ, चार हातांवर कोणीतरी वेचत होतं, पण दिसत नव्हतं.

"बसली मी. एक गाडी गेली, दोन गेल्या. दिवस कलला. तिकडं पोरगी वाट पाहून राह्यली असन, अन् मी इकडं परक्याच्या पायरीवर. रडू आलं. तं एक म्हातारी आली, तेलंगीन. माह्या बाजूले बसली. मले तिची भाषा नाई येत, तिले माही नाई येत. तिनं माहा हात धरला."

थांबली. आणि या वेळी ते थांबणं मला सोसेना. पुढे काय झालं? पोचली का ती? पोरगी कशी होती? तीस वर्षांत एखाद्याच्या गोष्टीत पुढचं ऐकायला मी अशी आसुसले नव्हते. कुणीच कसं हूं देत नाही या बाईला? आणि माझ्याच तोंडून निघालं.

"हूं. मग?"

सगळ्या बांगड्या थांबल्या.

दव टपकण्याचा आवाजसुद्धा मला ऐकू येईना. मग उजवीकडून कुजबूज आली, "थोच हाय वं. थोच." आणि कोणीतरी तोंडात पदर कोंबल्यासारखा आवाज.

"मोजा," जाडसर आवाज म्हणाला. आता तो कापत होता. "एक."

"दोन," लांबून.

"तीन."

"चार."

"पाच." ही रडत होती.

"सहा."

त्या सातव्याची वाट पाहत होत्या, आणि मला कळलं की माझ्याकडेच वाट पाहत होत्या.

"सात?" जाडसर आवाजानं धुक्यात विचारलं. "सुमनबाई?"

कसंबसं म्हटलं, "मी नली. सुमनची बहीण."

यावर कुणीतरी किंचाळलं. मला वाटलं होतं नाव सांगितलं की भीती जाईल, ती तर वाढली. झाडं बाजूला सारत एक बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली, ठेंगणी, कमरेला कापसानं फुगलेली ओटी, डोक्याला मफलर. तिनं आधी स्वेटर पाहिला. कोपराची निळी लोकर पाहिली. मग माझा उघडा पाय. मग दोन्ही हात पुढे करून माझे गाल चाचपले.

"ऊन हाय," ती मागे वळून ओरडली. "जित्ती हाय वं! घाबरू नका, जित्ती हाय!"

ही गिरजाबाई.

धुकं विरळ व्हायला साडेआठ वाजले. तोवर धुऱ्यावर सहाजणी माझ्याभोवती बसल्या होत्या. त्यांच्या फडक्यांत भाकरी, ठेचा आणि तिळाची चटणी. माझ्या उघड्या पायाला एकीनं पोत्याचा तुकडा गुंडाळून दिला. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहिलं की नजर फिरवत होत्या.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मधेच बोलले. पण तो तास न वेचलेला कसा?"

"थो सुमनबाईचा," गिरजाबाई म्हणाली. "हूं देणारी गेली की वरीसभर तिचा तास सगळ्यांच्या आखरीले वेचतो आमी. अन् गोष्टीत तिच्या हूंची जागा सोडतो. माह्या सासूच्या सासूपासून असंच हाय. त्या जागेत कोनी बोलत नाई." मग तिनं भाकरी खाली ठेवली. "तुमाले काऊन यावं लागलं, थे मले माहीत हाय. यालच, असं वाटे मले. तुमच्या बहिणीनं तुमाले फोन केलता, नाई?"

"गंमत सांगायची होती तिला. मी ऐकलं नाही." ते बोलले आणि सहा अनोळखी बायकांसमोर मी ढसाढसा रडले. कुणी गप्प राहा म्हटलं नाही. रडून झाल्यावर गिरजाबाईनं सांगितलं.

"मागच्या साली असंच धुकं होतं. आमी सगळ्या हिवानं कावलेल्या, कोनी सांगाले तयार नाई. तं सुमनबाई म्हणे, आज मी सांगतो. कधी नाई सांगे थे. तुमच्या लहानपनची गोष्ट. तुमी आदिलाबादच्या टेसनावर हरपल्या होत्या?"

हरवले नव्हते मी. सहा वर्षांची होते. अक्का नऊची. कशावरून तरी मी रुसले आणि फलाटावर एका बाकाखाली, गाठोड्यांच्या मागे जाऊन बसले. एवढं मला आठवत होतं.

"थे सांगे, मी इकडून तिकडं पळत होती. हाका मारत होती, नले, नले वं. गाडी याची वेळ झालती. तिले वाटलं, आता रुळावर पाहा लागते. हे सांगून थांबली थे. हूं पाह्यजे ना? पण हूं देणारी तं थेच. आमच्यापैकी कोनाले सुचलंच नाई, बाई. ज्या बाईनं आमचं जलमभर ऐकलं, तिचं ऐकाचं कोनाले सुचलं नाई." गिरजाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "थे तशीच थांबून राह्यली. अन् तिच्या मांगून, तिच्याच तासातून आवाज आला. 'हूं. मग?'"

माझ्या हातातली भाकरी मी खाली ठेवली.

"आमी साऱ्यायनं ऐकला. हूंच्या मांगं 'मग' आमच्यात कोनी नाई लावत. आमी मोजलं. साताच्या वरती कोनी नोहतं. मी तं भेवानं पाणी पाणी झाली. अन् सुमनबाई हासून राह्यली! म्हणे, घाबरू नका, थे माही नली हाय. तिलेच एवढी घाई राह्यते. मंग तिनं गोष्ट पुरी केली. एवढी खुशीत होती त्या दिवशी. जाता जाता मले म्हणे, रानातली गोष्ट घरी नेत नाई, पण हे नलीलेच इचारा लागते. तिचीच गोष्ट हाय."

कुणीही सांगेल की धुक्यात आवाज फिरतो. धुऱ्यावरून कोणी जात असेल. सहा बायकांनी वर्षभर एकच गोष्ट आठवली की तिला आकार येतो. हे सगळं मी तिथंच बसून मनातल्या मनात टिपून काढलं, मुद्दा एक, मुद्दा दोन. आणि मग आठवलं की अक्काला ते 'मग?' ऐकून आनंद झाला होता. माझं ओट्यावरचं 'मग?' तिनं हजारदा ऐकलं होतं, त्यानं तिला कधी आनंद झाला नसेल. आज सकाळी मी जे म्हटलं ते माझ्या जन्मातलं पहिलं होतं, पुढचं ऐकायची ओढ लागलेलं. तिला तेच ऐकू गेलं असावं. त्याचा सारांश मला काढता आला नाही.

"तिनं गोष्ट पुरी केली म्हणालात," मी विचारलं. "शेवट काय सांगितला?"

"सापडल्या ना तुमी. बाकाखाली. तिनं मारलं नाई तुमाले. एवढंच इचारलं म्हणे, कुठं होतीस गं?"

न्याहारी आटोपल्यावर गिरजाबाई म्हणाली, "वरसाले तीन हप्ते बाकी हायेत, पण जागा आता भरली गेली. हूं देल्लाच हाय तं आज दिवसभर द्या." मी अक्काच्या तासात उभी राहिले. वेचायला येईना, बोंडांच्या कडा बोटांत घुसत होत्या, पण हूं दिला. आधी गिरजाबाईची गोष्ट पुरी झाली. त्या म्हाताऱ्या तेलंगिणीनं तिला हाताला धरून गाडीत बसवलं आणि स्वतःची गाडी चुकवून शेजारी बसून बेल्लमपल्लीपर्यंत आली. नातीचं नाव तिच्या नावावरून ठेवायचं होतं, पण नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून नातीला 'अव्वा' (आजी) म्हणतात, आणि ती सात वर्षांची अव्वा त्यावर चिडते. मग एकीनं सांगितलं की नवऱ्याशी अबोला धरून आठ दिवस झाल्यावर तो बैलाशी कसा बोलू लागला. एकीनं शिवणयंत्र शिकताना बोटातून सुई आरपार गेली ते, आणि दुसऱ्या दिवशी तेच बोट घेऊन ती पुन्हा जाऊन बसली ते. कशाचाच मुद्दा नव्हता. आणि तरी दुपारी कंबर मोडून आली असताना मला असं वाटत होतं की आता कशालाही तोंड देता येईल.

परतताना आम्ही नाल्याच्या धुऱ्यानं आलो. सकाळी जिथं माझी चप्पल गेली होती तिथं गिरजाबाई पुढे होती, ती थबकली. चिखलात माझ्या एका उघड्या पावलाचे ठसे उमटले होते. त्यांच्या शेजारून, त्याच दिशेनं, रुंद गोल पंजे गेले होते. धुऱ्यावरून मी खाली उतरले तिथपर्यंत, आणि मग ते नदीकडे वळले होते. एका ठशात अजून पाणी झिरपत होतं.

"तुमी बोलल्या कुठं?" गिरजाबाईनं हळूच विचारलं.

"तासात शिरल्यावर."

"त्याच्या आंगोदर?"

"गप्प होते."

तिनं मान हलवली आणि मोठ्या आवाजात, कुणालाही न विचारता, नवीन गोष्ट सुरू केली. मी तितक्याच मोठ्यानं हूं देत गावापर्यंत आले.

दोन दिवसांनी निघाले. रेखानं स्वेटर परत घेतला नाही. परतीच्या एसटीत खिडकी मिळाली, ऊन लखलखीत होतं आणि पुलाखाली नदी होती, खडकांमधून वळत जाणारी, काठावर धुणं वाळत घातलेलं. त्या वांगीवालीला सांगायला हवं होतं.

नागपूरला येऊन महिना झाला. संध्याकाळी फोन वाजतो, कधी रेखाचा, कधी गिरजाबाईचा. गिरजाबाई रानातलं सांगत नाही, घरचं सांगते. मी खुर्चीत बसते, फोन कानाला धरते, कणीक राहू दे तशीच. हूं म्हणते आणि थांबते. माझ्या शेजारच्या वहिनींचंही परवा पाऊण तास ऐकलं, त्याच दमल्या. बरं वाटावं म्हणून करते असं समजू नका. माझा आवाज कुठून निघून कुणापर्यंत, कधी पोचेल याचा मला आता भरवसा राहिलेला नाही, म्हणून जपून देते.

आणि रोज सकाळी सात वाजता, अंघोळीआधी, खिडकीशी उभी राहते. अक्का, तू विचारलंस तेव्हा मी घरात म्हटलं, ते चूक होतं. कापसात होते गं. तुझ्या तासात, तुझा स्वेटर घालून, एका पायात चप्पल.